वीज गेली तर ही आच कुठे जाणार?

अगं, तुझं न्यू हॅम्पशायरचं घर फोटोत फार गोड दिसतंय. मागची मेपलची झाडं, पडवीत छातीएवढं रचलेलं सरपण, सगळं मनासारखं झालं. पण फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. तू सहज म्हणालीस, "खाली बेसमेंटमध्ये लाकडाचा बॉयलर आहे, पाइपांचं जंजाळ आहे, ते सगळं हाच बघतो, मी तिकडे फिरकतसुद्धा नाही."

फिरकायला हवं, सोनू. तुझा नवरा कामासाठी आठवड्यातले काही दिवस बॉस्टनला असणार. जानेवारीतल्या एखाद्या रात्री घरात तू आणि मुलं, बाहेर बर्फाचं वादळ, आणि तासाभरापूर्वी तूच बॉयलर भरून आलेली. अशा वेळी खाली कुठला काटा बघायचा आणि कुठल्या दांडीला हात लावायचा नाही, हे तुला ठाऊक असलंच पाहिजे. पाना घेऊन पाइप जोडायला बस असं मी म्हणत नाही. ते परवाना असलेल्या प्लंबरचं काम, त्यालाच करू दे. पण त्याने काय जोडलंय आणि कशासाठी, हे विचारण्याइतकी समज घर चालवणाऱ्या बाईला हवी. मी इथे व्हरमाँटला बरीच वर्षं लाकडावर घर तापवतेय, आणि या एका बाबतीत मला तुझी काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

आजोळचा तांब्याचा बंब आठवतो ना? मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. कितीही सरपण कोंबलं तरी फार तर पाणी खदखदायचं आणि वाफ वरून निघून जायची. त्याला गेज नव्हतं, सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता, कारण तो वरून उघडा होता. तुझा बॉयलर म्हणजे तोच बंब, फक्त सगळ्या बाजूंनी बंद केलेला आणि घरभरच्या पाइपांना जोडलेला. पाणी तापून फुगलं तर त्याला जायला जागा कुणीतरी आधी करून ठेवावी लागते. वाफ झाली तर तिलाही. खाली भिंतीवर जे व्हॉल्व्ह नि टाक्या दिसतात, त्या त्यासाठीच आहेत.

त्यातून लाकडाचा बॉयलर तेलाच्या बॉयलरहून अवघड. तेलाचा बर्नर पाणी जास्त तापलं की आपोआप बंद होतो, वीज गेली की बंद होतो. लाकडं पेटली की पेटली. पंखा थांबेल, हवेची झडप मिटेल, आच मंदावेल, पण आतले ओंडके आणि निखारे पुढे कितीतरी वेळ उष्णता देतच राहतात. आणि ती उष्णता घरभर नेणारा पंप मात्र विजेअभावी त्याच क्षणी थांबलेला असतो. म्हणून तळघरात उतरलीस की प्रत्येक वस्तूपुढे उभी राहून हाच प्रश्न विचारायचा, की वीज गेली तर ही आच कुठे जाणार?

आता गेजकडे चल. बॉयलरच्या पुढच्या बाजूला एक गोल तबकडी असेल. एकाच तबकडीवर तीन मापं असतात. दाब पीएसआयमध्ये, त्याच दाबाची पाण्याच्या उंचीतली फुटांची मोजणी, आणि वेगळ्या काट्याने तापमान फॅरेनहाइटमध्ये. पहिल्यांदा बघताना गोंधळायला होतं. फूट सोडून दे, दाब आणि तापमान तेवढं बघ. आग नसताना, पाणी गार असताना, दोन मजली घरात दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवतात. १ पीएसआय दाबाने पाणी साधारण २.३ फूट चढतं, म्हणजे १२ ने जवळजवळ २८ फूट. तळघरापासून वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या रेडिएटरपर्यंत पाणी पोचावं आणि तिथेही थोडा दाब उरावा, एवढा तो हिशेब. आग नीट पेटून पाणी १८० अंशांपर्यंत गेलं की काटा १८-२० वर येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. २५ च्या पुढे सरकायला लागला, तर मात्र काहीतरी बिघडलेलं आहे.

आणि गार असो की गरम, काटा एकाच जागी बसलेला दिसला तर "वा, किती स्थिर आहे" म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ते गेज अडकलेलं असतं. पडताळायचं असेल तर बॉयलरच्या ड्रेनच्या नळाला दुसरं गेज लावून बघता येतं, बागेच्या पाइपच्या आट्यांचं तयार मिळतं. फक्त घेताना त्यावरचं माप बघ. दुकानात समोर टांगलेलं बहुतेक ० ते २०० पीएसआयचं असतं, ते घरच्या नळाच्या पाण्यासाठी. त्यावर १२ नि १८ मधला फरक दिसायचाच नाही. ० ते ६० वालं मागून घे.

तबकडीशिवाय दोन थर्मामीटर हवेत, एक बॉयलरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपवर आणि एक परत येणाऱ्या पाइपवर. जाताना १८०, येताना १६० असा वीसेक अंशांचा फरक असला की पाणी नीट फिरतंय. फरक खूप वाढला तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे पंप थकलाय किंवा पाइपात हवा अडकली आहे. आणि बॉयलर चांगलाच तापलेला, पण बाहेर जाणारा पाइप कोमट, असं दिसलं तर पाणी फिरतच नाहीये. रोज सकाळी लाकडं टाकायला जाशील तेव्हा आधी या तीन गोष्टींवर नजर टाक आणि मगच दार उघड. भिंतीवर पेन्सिल बांधून एक वही लटकव, दाब आणि दोन तापमानं लिहून ठेवत जा. दोन आठवड्यांत तुला तुझ्या बॉयलरची चाल कळेल, आणि एकदा चाल कळली की बिघाड ओळखायला कुणी सांगावं लागत नाही.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. याच्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार, ऐकून घे. बॉयलरच्या वरच्या भागात पितळेचा, वर छोटी दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो, त्यातून एक पाइप खाली जमिनीकडे गेलेला असतो. आत स्प्रिंग असते. घरगुती बॉयलरला तो ३० पीएसआयला उघडतो. उघड्या भांड्यात पाणी २१२ अंशांना उकळतं, पण ३० पीएसआय दाबाखाली ते २७४ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. इतकं तापलेलं पाणी कोंडून ठेवलं आणि पत्रा फाटला, तर दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. भिंती पाडण्याची ताकद तिथून येते. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात २० मार्च १९०५ ला ग्रोव्हर कंपनीच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरसाठी कायदा केला, आणि पुढे मेकॅनिकल इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची, एएसएमईची, १९१४ ची बॉयलर संहिता आली. तुझ्या बॉयलरच्या पाटीवर एएसएमईचा शिक्का आणि 'एच' अक्षर आहे का, ते बघ. रिलीफ व्हॉल्व्हवर 'एचव्ही' असतं. ही अक्षरं त्या माणसांच्या जिवाच्या मोलाने आलेली आहेत, म्हणून मला ती नुसती कागदोपत्री वाटत नाहीत.

व्हॉल्व्हच्या पाटीवर आणखी दोन आकडे असतात. एक दाबाचा, ३०. दुसरा उष्णतेचा, बीटीयूमध्ये. हा दुसरा आकडा बॉयलरच्या पाटीवरच्या आकड्याइतका किंवा मोठाच हवा, नाहीतर व्हॉल्व्ह उघडूनही वाफ पुरेशी बाहेर पडणार नाही. आणि हे नीट लक्षात ठेव की आंघोळीच्या गरम पाण्याच्या टाकीवर असतो तसाच दिसणारा एक व्हॉल्व्ह दुकानात मिळतो, तो १५० पीएसआयला उघडणारा असतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण तो बॉयलरवर बसवला तर दाब ३० च्या कितीतरी पुढे गेला तरी तो दाबामुळे उघडणार नाही. जुन्या घरात आधीच्या मालकाने स्वतःच काहीबाही बदललेलं असतं, म्हणून चष्मा लावून पाटी वाच.

त्यातून निघालेला पाइप जमिनीपासून काही इंचांवर उघडा सोडलेला असतो. तो व्हॉल्व्हच्या तोंडाइतकाच रुंद हवा, उतरताच हवा, आणि त्याच्या टोकाला आटे नसावेत. आटे का नकोत, तर तिथे कुणी बूच बसवू नये म्हणून. आमच्या ओळखीतल्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पाणी ठिबकून फरशी ओली होते म्हणून कामाला आलेल्या माणसाने त्या पाइपला पितळी टोपी घट्ट बसवून दिली होती, आणि घरातल्यांना वाटत होतं गळती थांबली. मला अजून ते आठवलं की अंगावर काटा येतो. बॉयलर आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यामध्येही कुठलाही नळ, कुठलीही दांडी असता कामा नये. असली तर आग पेटवायच्या आधी प्लंबरला बोलाव.

ठिबकणारा रिलीफ व्हॉल्व्ह बहुतेक वेळा स्वतः खराब नसतो, तो दुसऱ्याची तक्रार सांगत असतो. त्या पाइपच्या टोकाला पांढरट क्षारांचा थर दिसला तर समज, अधूनमधून ठिबकतंय. मग शोध असा घ्यायचा. पाणी तापतं तेव्हाच दाब चढतो आणि ठिबकतं? मग एक्स्पान्शन टाकी बघ. बॉयलर गार असतानाही दाब हळूहळू चढतोय? मग बाहेरचं पाणी आत शिरतंय. घरच्या नळाचं पाणी बॉयलरला देणाऱ्या पाइपवर दाब कमी करणारा फिल व्हॉल्व्ह असतो, तो साधारण १२ पीएसआयला लावलेला असतो. त्याच्या आतल्या बैठकीत कचरा अडकला की तो पुरता मिटत नाही. त्याच्या अलीकडचा नळ बंद करून रात्रभर काटा बघ. चढायचा थांबला तर चोर सापडला. नाहीच थांबला, तर आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या कॉइलला बारीक भोक पडलेलं असू शकतं. घरच्या नळाला पन्नास-साठ पीएसआय दाब असतो, तो त्या भोकातून बॉयलरमध्ये घुसतो. फिल व्हॉल्व्हच्याच पाइपवर बॉयलरचं पाणी उलट पिण्याच्या पाण्यात येऊ नये म्हणून बॅकफ्लो प्रिव्हेंटर असतो. तो आहे ना, एवढं मात्र आजच बघ.

एक्स्पान्शन टाकी म्हणजे बहुतेक ती छताला किंवा पाइपला लटकलेली, गोलसर लोखंडी टाकी. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी थंडगार असल्यापासून १८० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३ टक्क्यांनी फुगतं. ऐकायला किरकोळ, पण पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तेवढ्या पाण्याला कुठेतरी सामावून घ्यावंच लागतं. ती हवा दबते आणि जागा देते. पडदा फाटला किंवा हवा गेली की टाकी पाण्याने भरते, आणि मग पाणी जरा तापलं की काटा सरळ ३० कडे धावतो. तपासायचं सोपं. टाकीच्या हवेच्या बाजूला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, त्याची टोपी काढून टाचणीने किंचित दाब. हवा आली तर ठीक, पाणी आलं तर टाकी गेली. हवेचा दाब टायरच्याच गेजने मोजतात, पण पाण्याच्या बाजूचा दाब शून्यावर आणून मगच. नाहीतर हवेचा म्हणून पाण्याचाच दाब मोजला जातो आणि खरा आकडा कळत नाही. हवा भरायची ती गार पाण्याच्या दाबाइतकी, म्हणजे तुझ्याकडे १२.

इथेच लाकडाच्या बॉयलरवाल्यांचा एक मोठा घोटाळा होतो. तू म्हणालीस, कोपऱ्यात भली मोठी साठवणीची टाकी आहे. चांगलंच आहे, एकदा जोरात आग करून ती उष्णता पाण्यात साठवायची आणि दिवसभर वापरायची, लाकूड स्वच्छ जळतं. पण ती टाकी १००० गॅलनची असेल तर ३ टक्के म्हणजे ३० गॅलन पाणी फुगून बाहेर येणार. साध्या बॉयलरबरोबर येणारी छोटी एक्स्पान्शन टाकी सगळी मिळून साडेचार गॅलनच्या आसपास असते. ती कुठे पुरणार? मोठी साठवण आणि छोटी एक्स्पान्शन टाकी अशी जोडी दिसली तर प्लंबरकडून हिशेब लिहून घे, तोंडी उत्तरावर समाधान मानू नकोस.

परत येणाऱ्या पाइपवर, बॉयलरजवळ, एक मिक्सिंग व्हॉल्व्ह असायला हवा. काही ठिकाणी तो, पंप आणि थर्मामीटर एकाच डब्यात असतात. स्वीडनचं लॅडोमॅट त्यासाठी इकडे बरंच वापरतात. त्याचं काम असं की घरभर फिरून गार झालेलं पाणी तसंच बॉयलरमध्ये जाऊ द्यायचं नाही, आधी त्यात गरम पाणी मिसळून ते १४० अंशांच्या आसपास आणायचं. लाकूड कितीही वाळलेलं असलं तरी जळताना पाण्याची वाफ सुटते. भट्टीचा पत्रा गार असला की ती वाफ आणि धुरातली आम्लं तिथे जमतात, क्रिओसोटचा काळा चिकट थर बसतो आणि पत्रा आतून सडतो. बॉयलर किती वर्षं टिकणार हे याच व्हॉल्व्हवर ठरतं, म्हणून यात काटकसर करू नकोस. आतली थर्मोस्टॅटची डबी बदलता येते, तिच्यावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो.

चेक व्हॉल्व्ह, म्हणजे आपल्याकडे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. तुझ्याकडे तेलाचा बॉयलरही जोडलेला आहे, तर दोन्हींमध्ये हे हवेतच. नाहीतर लाकडाने तापलेलं पाणी गुपचूप तेलाच्या बॉयलरमधून फिरतं आणि तुझ्या कष्टाची उष्णता त्याच्या धुराड्यातून आकाशात जाते. बॉल व्हॉल्व्हचं तर तुला माहीतच आहे, दांडी पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. पंपाच्या दोन्ही अंगांना ते असले की पंप बदलताना सगळं पाणी सांडावं लागत नाही. ज्या दांड्या कधीच फिरवायच्या नाहीत, उदाहरणार्थ एक्स्पान्शन टाकीकडे जाणाऱ्या पाइपवरची, त्या काढून शेजारी तारेने बांधून ठेवायला सांग. बाकी प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची चिठ्ठी लाव, हवं तर मराठीत लिही. मुलांना आणि पाहुण्यांना त्या दांड्यांचा फार मोह होतो. आणि भट्टीजवळ प्लास्टिकचा पेक्स पाइप दिसला तर विचार. त्याची मजल १८० अंशांपर्यंत १०० पीएसआय आणि २०० अंशांना ८० पीएसआय, त्यापुढे त्याच्यावर विसंबू नये. लाकडाच्या बॉयलरजवळ तांबं किंवा काळं लोखंडच हवं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या भागात वीज जाते, आणि जाते ती नेमकी थंडीत. १९९८ च्या जानेवारीत बर्फाच्या पावसाने मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेकडे तारा तोडल्या, मेनमध्ये काही घरं दोन आठवड्यांहून जास्त अंधारात होती. २००८ च्या डिसेंबरात तुमच्या न्यू हॅम्पशायरवर तीच पाळी आली. तेव्हा हे कधीतरी होईल असं न समजता, होणारच असं धरून चाल.

अशा वेळेसाठी जी वाट करतात तिला इकडे डंप झोन म्हणतात. बॉयलरच्या वर, तळघराच्या छताखाली, पंखांचे तांब्याचे पाइप चढत्या उताराने बसवलेले असतात. बॉयलरमधलं गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, तिथे गार होतं, जड होऊन दुसऱ्या पाइपने खाली येतं. पंप नाही, वीज नाही. या फेऱ्याच्या तोंडाशी जो झोन व्हॉल्व्ह असतो तो घराच्या एकेका भागाचं, म्हणजे झोनचं, पाणी सोडणाऱ्या नेहमीच्या झोन व्हॉल्व्हच्या उलटा असतो. वीज असेपर्यंत ती त्याला मिटून धरते, वीज गेली की स्प्रिंगने तो आपोआप उघडतो. त्याच्या अंगावर 'नॉर्मली ओपन' लिहिलेलं असतं. तिथे चुकून नेहमीचा, वीज गेल्यावर मिटणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर सगळा डंप झोन नुसता शोभेचा. तसंच, या वाटेवर स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह नको. हल्लीच्या पुष्कळ पंपांच्या पोटात छोटा प्लास्टिकचा चेक बसवूनच येतो. पाणी आपल्या आपण चढण्याची ताकद इतकी कमी असते की तेवढासा चेकही त्याला अडवतो. वाटेत असा पंप असला तर तो चेक काढलाय का, हे विचार.

युरोपातल्या बॉयलरांना दुसरी सोय असते. बॉयलरच्या पोटात एक वेगळी कॉइल असते. पाणी ९५ सेल्सियसच्या आसपास गेलं की बिनविजेचा एक व्हॉल्व्ह उघडतो, नळाचं गार पाणी त्या कॉइलमधून धावतं आणि उष्णता घेऊन गटारात जातं. फार हुशारीची योजना, शहरात तर उत्तमच. पण तुझ्या घरी नगरपालिकेचं पाणी नाही, बोअरचं आहे. वीज गेली की बोअरचा पंपही बंद. प्रेशर टाकीत उरलेलं थोडं पाणी संपलं की ती कॉइल कोरडी. तेव्हा विक्रेत्याने "यात सेफ्टी कॉइल आहे" म्हटलं असेल तर त्या एकटीवर विसंबू नकोस. डंप झोन हवाच, किंवा बोअर चालेल एवढा जनरेटर. बॉयलरच्या पंपासाठी बॅटरीचा बॅकअप ठेवतात, मीही ठेवलाय, पण तो वरची जोड म्हणून. बॅटरी संपते, गुरुत्वाकर्षण संपत नाही.

समजा सगळं करूनही काटा चढतच गेला, २१०-२२० अंश, दाब २५ च्या वर. तर घाबरी होऊ नकोस, आणि क्रमाने कर. हवेची झडप, पंखा बंद. भट्टीचं दार उघडू नकोस, उघडलं की हवा आत जाते आणि आग भडकते, शिवाय चेहऱ्यावर येऊ शकते. वीज असेल तर घरातले सगळे थर्मोस्टॅट वर कर, म्हणजे सगळे झोन उघडतील आणि घर उष्णता खाईल. वीज नसेल तर डंपच्या पाइपला हात जवळ नेऊन बघ, तो तापायला हवा. नाही तापला, तर व्हॉल्व्हच्या बाजूला हाताने उघडायची छोटी दांडी असते का ते बघ, काहींना असते. आगीवर पाणी ओतायचं नाही. बॉयलरमधलं पाणी खाली गेलेलं असेल तर त्यात गार पाणी तर मुळीच सोडायचं नाही, लाल झालेल्या पत्र्यावर ते पडलं की काय होईल सांगता येत नाही. रिलीफ व्हॉल्व्हमधून वाफ फुसांडायला लागली तर तिथे थांबायचंच नाही. मुलांना घेऊन बाहेर, आणि ९११. घर विम्याचं असतं गं. हा क्रम कागदावर लिहून जिन्याच्या दाराला आतून चिकटव, आणि बॉयलरच्या कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर तिचंच ऐक.

बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? नसेल तर आजच आण.

आता ऑक्टोबरच्या आधी हंगामाची तपासणी करायला प्लंबर येईल तेव्हा नवरा घरी असो-नसो, तू त्याच्याबरोबर खाली जा. रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचलून दाखव म्हण. जुना व्हॉल्व्ह एकदा उचलला की कधीकधी नीट बसत नाही, म्हणून नवा त्याच्या पिशवीत असू दे. एक्स्पान्शन टाकीची हवा त्याच्याकडून मोजून घे आणि वहीत लिही. आणि शेवटी छोटी आग पेटवायला लाव, पाणी १६०-१७० वर जाऊ दे, आणि त्याच्यादेखत बॉयलरचा ब्रेकर पाड. डंपचा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज यायला हवा, आणि थोड्या वेळात छताखालचे पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत तापायला हवेत. टोकापर्यंत, नुसते सुरुवातीला नाही. मधेच गार राहिले तर हवा अडकली आहे किंवा उतार चुकला आहे, आणि ते त्याने त्याच दिवशी दुरुस्त करून द्यायला हवं. "याची काही गरज नाही बाई" असं तो म्हणाला, तर पैसे देऊन त्याला वाटेला लाव आणि मला फोन कर, आपण दुसरा शोधू.